फायटो दरवेळी का अडतो? खान्देशातून धान्य आणि बियाणं बाहेर पाठवणाऱ्यांसाठी

मका असो, काबुली हरभरा असो, तीळ असो की शेंगदाणा, तक्रार ठरलेली असते. कंटेनर न्हावा शेवा बंदराच्या वाटेला लागला, जहाजाची कट-ऑफ (माल घ्यायची शेवटची वेळ) परवावर आली आणि फायटो, म्हणजे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, हातात नाही. नाहीतर फायटो मिळाला, माल गेला, आणि तिकडच्या बंदरात उतरल्यावर निरोप येतो की प्रमाणपत्रात अमुक वाक्य नाही, माल थांबवलाय. रब्बीचा माल बाहेर पडायला लागला की जळगाव-धुळ्याकडून असे फोन सुरू होतात. निर्यातीचे कागद बघणं हे माझं रोजचं काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो, यातले बहुतेक घोटाळे सौदा ठरतो त्या दिवशीच झालेले असतात, बंदरात ते उघडे पडतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. फायटो हा एका सरकारने दुसऱ्या सरकारला दिलेला शब्द आहे. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारातून ही पद्धत आली. आपल्याकडे त्याची जबाबदारी फरीदाबादच्या वनस्पती संरक्षण, क्वारंटाईन आणि साठवण संचालनालयावर आहे आणि सही करायचा अधिकार केंद्राने अधिसूचित केलेल्या केंद्र आणि राज्याच्या अधिकाऱ्यांनाच आहे. या कागदात कीड, रोग, तण आणि माती एवढ्यापुरतंच बोललेलं असतं. अफ्लाटॉक्सिन, कीटकनाशकाचा अंश, दाण्याचा आकार, ओलावा, जीएम (जनुकबदल केलेलं) नसल्याचा दाखला या सगळ्यांचे कागद वेगळे. फ्युमिगेशनचा, म्हणजे गॅस मारून कीड मारल्याचा, दाखलाही वेगळा. "गॅसचं सर्टिफिकेट आहे ना, मग फायटो कशाला?" असं अजूनही विचारलं जातं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

"परवाना मागाहून येईल, तुम्ही फायटो काढा"

सगळ्यात जास्त माल इथे अडतो.

प्रत्येक देशाची कोणत्या किडीला घाबरायचं याची यादी वेगळी असते आणि त्या यादीवरून तो देश आयातीच्या अटी ठरवतो. त्या अटी आयात परवान्यात लिहिलेल्या असतात आणि परवाना गिऱ्हाइकाने त्याच्या देशात काढायचा असतो. आपला अधिकारी तो परवाना वाचून माल तपासतो. परवानाच नसेल तर कशासाठी तपासायचं हे त्यालाही कळत नाही. मग साधा फायटो निघतो, 'ॲडिशनल डिक्लेरेशन'चा, म्हणजे त्या देशाने मागितलेल्या खास वाक्यांचा, रकाना कोरा राहतो आणि तिकडे नेमका तोच रकाना वाचला जातो.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. खापरा भुंगेरा ही साठवलेल्या धान्यातली कीड ज्या देशांत आहे तिथून येणारा तांदूळ, हरभरा, करडई आणि सोयाबीन घेताना ते फायटोवर स्पष्ट वाक्य मागतात, की माल तपासला आणि त्यात खापरा आढळला नाही. हे वाक्य नसेल तर माल कितीही स्वच्छ असला तरी उपयोग नाही. कारळ्याची, म्हणजे खुरासणीची, गोष्ट आणखी वेगळी. सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात पिकणारी खुरासणी अमेरिकेत पक्ष्यांचं खाद्य म्हणून जाते. पण कारळ्यात अमरवेलीचं बी मिसळलेलं असू शकतं, म्हणून १२० अंश सेल्सिअसला १५ मिनिटं उष्णता दिल्याशिवाय तो माल घेतला जात नाही. गॅस मारून हे काम होत नाही, कारण गॅसने किडा मरतो, अमरवेलीचं बी मरत नाही. ही यंत्रणा आपल्या भागात सहज मिळत नाही, त्यामुळे वाहतूक आणि प्रक्रियेचा खर्च भावात धरावा लागतो. सौदा झाल्यावर हे कळलं तर नफा तिथेच संपला.

त्याहून वाईट अवस्था बियाण्यात होते. काही देश मागतात की पीक उभं असताना शेताची पाहणी झाली होती आणि अमुक रोग दिसला नव्हता, असं लिहून द्या. कापणी होऊन मळणी झाली, माल पोत्यात आला, आता ही पाहणी कुठून आणणार? अधिकाऱ्याने न बघितलेलं लिहून द्यावं अशी अपेक्षा ठेवू नका आणि तसा दबावही आणू नका. एका चुकीच्या वाक्याने सगळ्या देशाच्या मालावरचा विश्वास जातो.

म्हणून भाव पक्का करायच्या आधी गिऱ्हाइकाला एवढं लिहा: तुमच्या वनस्पती संरक्षण विभागाचा आयात परवाना सर्व अटींसह पाठवा, फायटोवर लागणारी वाक्यं शब्दशः द्या, कोणती प्रक्रिया मान्य आहे ते सांगा आणि परवान्याची मुदत कधी संपते ते कळवा. "आमच्याकडे परवाना लागत नाही" असं उत्तर आलं तर तेही त्यांच्या सरकारी नियमाच्या प्रतीसह मागा. गिऱ्हाईक दुबईतला दलाल असेल आणि माल तिसऱ्याच देशात उतरणार असेल, तर अटी त्या तिसऱ्या देशाच्या लागतात. हे बऱ्याचदा लपवलं जातं, म्हणून उतरण्याचं बंदर आधी विचारा.

बँकेचा एलसी (कागद बरोबर असले तर पैसे देण्याची बँकेची हमी) असेल तर आणखी एक अडचण येते. बँक म्हणते फायटोवर एलसी नंबर घाला, किंमत घाला. फायटोवर व्यापारी मजकूर चालत नाही, आंतरराष्ट्रीय मानकातच तसं सांगितलंय. एलसी उघडतानाच ती अट काढून घ्या.

"गॅस मारला होता, तरी किडे निघाले"

या मुद्द्यावर थोडं थांबू, कारण खान्देशात हेच दुखणं सगळ्यात जुनं आहे.

अमळनेरच्या एका व्यापाऱ्याकडे हरभऱ्याचा लॉट तपासणीत नापास झाला. फ्युमिगेशनचा दाखला होता, एजन्सी मान्यताप्राप्त होती. मी गोडाऊनवर गेलो. मधल्या पोत्यांतून नळी खुपसून काढलेला नमुना स्वच्छ होता. मग भिंतीला टेकलेल्या थप्पीतलं खालचं पोतं ओढायला लावलं आणि त्याची शिवण उसवली. शिवणीच्या दुमडीत पिवळट-तपकिरी, केसाळ अळ्या, अर्ध्या सेंटिमीटरच्या आतबाहेर, शेपटीला केसांचा झुबका. आजूबाजूला त्यांनी टाकलेल्या कातींचा भुसा. तो खापरा होता.

"नाना, गॅस कधी मारला होता?"

"महिना झाला भाऊ. पण माल पॅक होता, कुठे हलवला नाही."

"आणि बारदान?"

"जुनंच. गेल्या साली गहू भरला होता त्यात." थोडं थांबून ते म्हणाले, "आते काय करानं?"

उत्तर त्या महिन्यात आणि त्या बारदानात होतं. फॉस्फिन असो की मिथाईल ब्रोमाईड, गॅस निघून गेला की मागे कसलंही संरक्षण राहत नाही. आज गॅस मारून उद्या पोतं उघड्या गोडाऊनमध्ये ठेवलं की त्या क्षणापासून ते पुन्हा किड्यासाठी मोकळं. खापऱ्याचा प्रौढ भुंगेरा उडत नाही. तो येतो तो पोत्यातून, ट्रकच्या फळ्यांतून, भिंतीच्या भेगांतून. त्याची अळी उपाशीपोटी वर्षानुवर्षं निपचित पडून राहू शकते आणि त्या अवस्थेत तिच्यावर गॅसचा परिणामही कमी होतो. त्यात आपलं हवामान तिच्या सोयीचं. साधारण ३५ अंशाला अंड्यापासून भुंगेरा व्हायला महिनाभरसुद्धा लागत नाही, आणि कोरड्या धान्यातही ती वाढते. इतर किडींना रोखणारा कमी ओलावा तिला रोखत नाही. भुसावळ-जळगावच्या मार्च ते मेच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या गोडाऊनमध्ये तिला काय कमी आहे?

यावर उपाय क्रमाने करावा लागतो. आधी गोडाऊन रिकामं करा, भेगा बुजवा, झाडलेला कचरा बाहेर नेऊन जाळा. भिंतीपासून हातभर जागा सोडून, लाकडी चौकटीवर थप्पी लावा, म्हणजे चारी बाजूंनी फिरून बघता येतं. बारदान नवं घ्या. निर्यातीच्या मालाला जुनं बारदान वापरून वाचणारे पैसे हे पैसे नव्हेत. मग माल भरा, आणि फ्युमिगेशन शक्यतो तपासणी आणि कंटेनर भरण्याच्या अगदी लगत घ्या. मधले दिवस जितके कमी, तितका धोका कमी.

फ्युमिगेशन करून घेताना स्वतः उभे राहा, पण सुरक्षित अंतरावर. बघायचं काय, तर ताडपत्रीला भोक नाही ना, कडेने वाळूच्या लांब थैल्या सलग ठेवल्यात ना, गॅस मोजायचं यंत्र आणलंय का. फॉस्फिन सावकाश काम करतं, त्याला पुरेसे दिवस द्यावे लागतात. डिसेंबर-जानेवारीत खान्देशात रात्री गारठा पडतो, धान्य आतून थंड असतं, तेव्हा उन्हाळ्याइतक्याच दिवसांत काम उरकलं तर अंडी आणि कोष जिवंत राहतात. वरचे किडे मेलेले दिसतात, दाखला मिळतो, आणि जहाजात पुढची पिढी बाहेर पडते. ही घाई मी इतकी बघितली आहे की थंडीतल्या मालाबाबत एजन्सीला धान्याचं तापमान मोजायला लावणं मी सोडत नाही. शिवाय वर्षानुवर्षं अपुरी मात्रा दिल्याने फॉस्फिनला दाद न देणारे सोंडे आणि तांबडे भुंगेरे तयार झालेत, तेही ध्यानात ठेवा.

फॉस्फिनच्या गोळ्या आणून स्वतःच गॅस मारायचा विचार मनात आणू नका. त्या गोळ्यांतल्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडने माणसं मेली आहेत, गोडाऊनच्या शेजारच्या खोलीत झोपलेलीसुद्धा. आणि मान्यता नसलेल्या माणसाच्या दाखल्याला फायटोसाठी किंमत शून्य.

मिथाईल ब्रोमाईडचं काम तासांत होतं म्हणून घाईच्या वेळी सगळे तिकडे वळतात. ओझोनच्या थरासाठी त्याचा इतर वापर बंद झालाय, क्वारंटाईन आणि माल पाठवण्याआधीच्या प्रक्रियेपुरता तो उरलाय. त्यात दोन गोष्टी सांभाळा. पोत्याच्या आत प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर गॅस दाण्यापर्यंत नीट पोचत नाही. आणि बियाण्याची उगवण यामुळे घटू शकते, विशेषतः बियाण्यात ओल असेल तर. खाण्याच्या बाजरीला चालणारी प्रक्रिया पेरायच्या बाजरीला चालेलच असं नाही.

शेंगदाण्यावाल्यांसाठी वेगळी सूचना. २०१५ मध्ये व्हिएतनामने भारतातला शेंगदाणा काही काळ थांबवला होता, तो शेंगेतल्या भुंगेऱ्यामुळे. हाच भुंगेरा चिंचेवरही जगतो. आपल्याकडे एकाच गोडाऊनमध्ये एका कोपऱ्यात चिंच आणि दुसऱ्यात शेंगा ठेवायची सवय आहे. ती सोडा.

मक्यात माती, हरभऱ्यात तण

मका डांबरी रस्त्यावर किंवा शेतातल्या खळ्यावर वाळवला की त्यात ढेकळं येतात. भाव ठरवताना आडत्या टक्काभर कचरा धरून सोडून देतो, पण माती जवळजवळ कुठल्याच देशाला चालत नाही, कारण मातीतून सूत्रकृमी आणि बुरशी जाते. नुसत्या चाळणीने दाण्याएवढं ढेकूळ वेगळं होत नाही. त्याला वजनावर वेगळं करणारं ग्रॅव्हिटीचं मशीन आणि खडे काढणारं डिस्टोनर लागतं. जळगावच्या डाळमिलांत ही यंत्रं आहेत, भाड्याने माल साफ करूनही मिळतो. गाजरगवत, टारफुला, अमरवेल यांचं बी नमुन्यात दिसलं तर आधी माल साफ करा, मग अर्ज करा.

"दादर आहे, खायची असो की पेरायची"

नाही, फरक पडतो. खाण्यासाठी जाणारं धान्य आणि पेरण्यासाठी जाणारं बियाणं यांचे नियम वेगळे, कारण पेरलेल्या दाण्यातला रोग तिकडच्या शेतात रुजतो. दादर ज्वारीचं तेच पोतं धान्य म्हणून गेलं तर साठवणीतली कीड बघतात, बियाणं म्हणून गेलं तर बियाण्यातून पसरणारे रोग बघतात आणि प्रयोगशाळेची चाचणी मागतात. भाजीपाल्याच्या बियाण्याला तर हे फार कडक झालंय. टोमॅटो आणि मिरचीच्या बियाण्यासाठी २०१९ पासून युरोपीय संघासह अनेक देशांनी टोमॅटो ब्राऊन रुगोज फ्रूट व्हायरसची चाचणी मागायला सुरुवात केली. चाचणीला वेळ लागतो, तो जहाजाच्या तारखेआधी धरा. उगवण आणि शुद्धतेचा दाखला वेगळा असतो, त्याने फायटोचं काम भागत नाही.

अर्जात 'वापर' या जागी खरं तेच लिहा. जकात वाचते म्हणून बियाणं धान्य म्हणून दाखवलं आणि तिकडे पकडलं गेलं, तर माल नष्ट होतो आणि पुढचा प्रत्येक कंटेनर उघडला जातो.

तपासणी झालेला माल आणि भरलेला माल

अधिकारी नमुना एका ठरावीक लॉटमधून घेतो. तपासणीनंतर चार पोती फाटली म्हणून दुसऱ्या थप्पीतली घातली, वजन कमी भरलं म्हणून शेजाऱ्याकडून दोन टन आणले, हे सर्रास होतं. शिरपूरला सेंधव्याचा मका येतो, रावेरला बऱ्हाणपूरचा हरभरा येतो, सगळं एकाच ढिगात जातं. उगमाच्या रकान्यात काय लिहिणार? अमुक भाग किडीपासून मुक्त आहे अशी अट असेल तर हा ढीग त्या अटीत बसतच नाही. लॉटला पहिल्या दिवशी क्रमांक द्या, पोत्यावर ठसा मारा, आणि तोच ठसा अर्जात, पॅकिंग लिस्टवर आणि फायटोवर असू द्या.

माल निघून गेल्यावर अर्ज करणं हा तर हमखास फसणारा प्रकार. तपासणी आणि नमुना घेणं माल निघण्याआधी व्हायलाच हवं. अर्ज केंद्राच्या पीक्यूएमएस या वनस्पती क्वारंटाईनच्या पोर्टलवर होतो, त्यासोबत इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि आयात परवाना जोडायचा असतो. कंटेनरही बघून घ्या. आधीच्या मालाचे दाणे तळाच्या फळ्यांच्या फटीत असतील तर तुमच्या स्वच्छ मालात तिथूनच कीड शिरते. दारं लावून आत उभं राहा, उजेडाचं टिपूसही आत आलं तर तो कंटेनर परत पाठवा.

लाकडी पॅलेट किंवा आधारासाठी ठोकलेलं लाकूड असेल तर त्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह आणि आयपीपीसीची, म्हणजे वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय कराराची, मोहोर हवी. गाभ्यापर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलेलं असेल किंवा दुसरी मान्य प्रक्रिया केलेली असेल तरच ती मोहोर मिळते. गावच्या सुताराने ठोकलेली फळी कंटेनरमध्ये टाकू नका.

कागदातल्या बारीक चुका: शास्त्रीय नाव चुकलं, गिऱ्हाइकाचा पत्ता परवान्याशी जुळला नाही, पोत्यांची संख्या बिल ऑफ लेडिंगपेक्षा (जहाज कंपनीच्या माल मिळाल्याच्या पावतीपेक्षा) वेगळी निघाली. फायटोवर पेनाने दुरुस्ती करू नका. खाडाखोड झालेलं प्रमाणपत्र तिकडे बाद ठरतं. मूळ प्रत परत देऊन बदली प्रमाणपत्र मागावं लागतं. आणि फायटो मिळू शकतो म्हणजे निर्यात खुली आहे असं समजू नका. १३ मे २०२२ ला गव्हाची निर्यात एका अधिसूचनेने बंद झाली, तेव्हा बऱ्याच जणांचा माल वाटेत होता. डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) ताजा नियम सौद्याच्या दिवशी आणि माल भरायच्या दिवशी, दोन्ही वेळा बघा.

माल तिकडे अडलाच तर

फोनवरच्या निरोपावर काही ठरवू नका. त्या देशाच्या क्वारंटाईनने काढलेली लेखी नोटीस गिऱ्हाइकाकडून मागा. त्यात कारण लिहिलेलं असतं: जिवंत कीड, नियंत्रित तण, माती, की नुसता कागद. कीड असेल तर तिचं शास्त्रीय नाव विचारा. सोंडा निघाला आणि खापरा निघाला यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सोंडा असेल तर बऱ्याच ठिकाणी तिथेच पुन्हा फ्युमिगेशन करून माल सोडतात. खापरा असेल तर परत पाठवा, नाहीतर नष्ट करा, असं उत्तर येण्याची तयारी ठेवा.

कारण कागदाचं असेल तर त्याच दिवशी फायटो देणाऱ्या कार्यालयात नोटिशीसह लेखी अर्ज द्या. राहिलेलं वाक्य तपासणीच्या नोंदींतून सिद्ध होत असेल तर अधिकारी बदली प्रमाणपत्राचा विचार करू शकतो. इथे तपासणीचे, प्रक्रियेचे आणि लॉटचे जपून ठेवलेले कागद कामाला येतात. तोंडी विनवणी चालत नाही. दरम्यान शिपिंग लाईनकडे डिटेन्शनचे (कंटेनर अडकून राहिल्याच्या भाड्याचे) मोफत दिवस वाढवून मागा, कारण तो खर्च कधीकधी मालाच्या किमतीवर जातो. माल परत आणायचा तर इकडच्या कस्टम आणि क्वारंटाईनची परवानगी आधी घ्या. स्वतःचाच माल असला तरी तो परत येताना आयात म्हणूनच तपासला जातो.

आणि अशी नोटीस त्या देशाच्या सरकारकडूनही आपल्या संचालनालयाला जाते. तिथून खुलाशाचं पत्र येईल. ते बाजूला टाकू नका. कीड कुठून आली, गोडाऊनमध्ये काय बदल केला, कोणती एजन्सी बदलली हे फोटोंसह मुदतीत लिहून द्या. पुढचा अर्ज करताना तोच फाईल-क्रमांक उघडतो आणि उत्तर आलेलं नसेल तर तपासणीला तारीखच मिळत नाही.